वीतभर पाटी

पंपाची थ्री फेज लाईट साडेअकराला येणार म्हणताय, म्हणजे बारा धरा. तोवर अंधारात कांद्याच्या वाफ्यांकडे बघत काय बसणार? या इकडे. शेकोटीत दोन तुराट्या टाका आणि ते मोबाईल खिशात घाला. भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सबंध नोकरी पोरांना वेल्डिंग शिकवण्यात गेली. डोळ्यांना दिसतं आणि हाताला चटका देतं तेवढंच खरं, असं मानून इतकी वर्षं काढली. पण राधाकृष्णाच्या बाबतीत जे झालं ते कुठल्या कप्प्यात ठेवावं, मला अजून उमगलेलं नाही. म्हणून सांगतो. मधे कोणी फाटे फोडायचे नाहीत.

राधाकृष्ण आमच्या नगरच्या आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवायचा. एकवीस वर्षं आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायलो. सावेडीला घर, सरळ माणूस, कमी बोलणारा. वेड मात्र एकच, जपानी तलवारी. हसू नका. आम्हीही पहिल्यांदा हसलोच होतो.

एकोणनव्वद साली पाथर्डीकडचा एक विद्यार्थी, बिभीषण त्याचं नाव, गोणपाटात गुंडाळून एक लांब पातं घेऊन आला. आजोबांच्या वेळचं लोखंड घरात पडलंय, ऊसतोडीला दोन कोयते करून द्या म्हणाला. राधाकृष्णाने पातं ग्राइंडरला टेकवलं आणि पहिल्या ठिणगीलाच बटण बंद केलं. पुसून उजेडात धरलं तर धारेलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत धुक्याची एक रेघ, जपानी तलवारीची खूण. आपल्याकडची माणसं महायुद्धात ब्रह्मदेशात लढायला गेली होती. जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा काहींनी येताना अशा तलवारी आणल्या आणि माळ्यावर टाकल्या. पुढे नातवंडांनी त्यांचे कोयते केले, एकाने तर गोठ्याच्या दाराला अडसर केला! राधाकृष्णाने बिभीषणला चांगल्या पोलादाचे दोन कोयते करून दिले आणि ते पातं मागून घेतलं. ग्राइंडरचा ओरखडा मात्र त्यावर कायमचा राहिला.

तिथून सुरू झालं ते छत्तीस वर्षं चाललं. तीन तलवारी झाल्या, त्यांच्या परवानगीच्या कागदांसाठी कलेक्टर कचेरीत हेलपाटे झाले. मुठीपुढे बसवतात त्या नक्षीच्या लोखंडी चकत्या वीस-बावीस जमल्या. आणि पुस्तकं! टोकियोहून पार्सलने यायची, विटेएवढी जाड, आपल्या उलट बाजूने उघडणारी. शब्दकोश घेऊन रात्री बसून बसून हा गडी ती अक्षरं वाचायला शिकला. सविता वहिनी म्हणायच्या, "माझ्या सवती म्यानात राहतात, एवढंच माझं नशीब."

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि त्याचं मन उडालं. मुलगी आरती पुण्याला. तिने एक खोली त्याच्यासाठी मोकळी करून ठेवली होती, रोज फोन करायची. शेवटी तो तयार झाला. तलवारी आणि चकत्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं, पुस्तकं खोक्यांत गेली, खोक्यांना सुतळी बांधून झाली. तेव्हा मी त्याला भेटलो होतो. माणूस दमलेला होता. कामाने दमतो तसा नव्हे. सांभाळून सांभाळून दमतो तसा.

एक काम तेवढं उरलं होतं. राहीबाईंकडचं.

पुणे रस्त्याने सुपा ओलांडलं की पुढे उजव्या हाताला राळेगणसिद्धीच्या बाजूला एक रस्ता जातो. त्याच अंगाला एक वस्ती आहे. नाव सांगत नाही, त्या घरात माणसं राहतात. राहीबाई आता अठ्ठ्याहत्तरीच्या. त्यांचे सासरे अजिनाथ ब्रह्मदेशात होते आणि त्यांनी आणलेली तलवार त्या घरात आजही आहे. विकायची नाही, कोणाला द्यायची नाही, हा सासऱ्यांचा शब्द. एका जपानी साहेबाने ती दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली होती. मुठीला दोऱ्याने एक लाकडी पाटी बांधलेली होती, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. तिच्यावर काळ्या शाईने त्या साहेबाचं नाव आणि गाव. अजिनाथ सुनेला सांगून गेले होते, "कोनी नाव इचारत आलं तर द्यायची. आपन फकस्त राखनदार."

त्या घरात दरसाल दसऱ्याला ती तलवार घोंगडीवर ठेवून पूजतात. हळद, कुंकू, फुलं. आणि शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या. तो देवाचा नव्हे, तलवारीच्या मालकाचा. आता ओलं कुंकू पात्यावर राहिलं की गंज धरणारच. राधाकृष्णाला या तलवारीचा पत्ता लागला तेव्हा तो हे बघून हळहळला. पूजा थांबवा म्हणण्याची तर सोय नाही. मग त्याने नेम धरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून जायचं, कुंकू काढायचं, तेल लावायचं, जेवायचं, परत यायचं. बावीस वर्षं. एक साल चुकलं नाही.

आता त्याने मला फार नंतर सांगितलेली गोष्ट सांगतो. पहिल्याच वर्षी, दोन हजार तीन साली, त्याने ती पाटी चोरली.

चोरलीच म्हणायचं. तो स्वतःही हाच शब्द वापरतो. तलवारी शंभर मिळतात, पण शस्त्र खाली ठेवताना मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी फारशी सापडत नाही, असं त्याच्या पुस्तकात होतं. हात गेला. राहीबाईंना म्हणाला, "मावशी, पाटीला वाळवी लागली होती. तलवारीच्या म्यानाला लागली असती, म्हणून टाकून दिली." त्या म्हणाल्या, "तुमी टाकली म्हंजी बरोबरच आसंल."

वाचून झाली की परत नेऊन बांधीन, असं त्याने मनाशी म्हटलं होतं. महिन्याभरात नाव लागलं, गाव लागलं. एक पत्र टाकलं असतं तर कदाचित त्या माणसाच्या मुलाबाळांपर्यंत पोचलं असतं. टाकलं नाही. ते लोक आले असते तर तलवार घेऊन गेले असते, आणि मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी याने कुठे जायचं? एवढंच कारण. पाटी बावीस वर्षं कपाटाच्या खणात, वहिनींच्या रुमालात. जेवढी वर्षं गेली तेवढं सांगणं जड होत गेलं. आता पुण्याला जाण्याआधी ती परत करायची, तोंडाने कबूल करायचं आणि मोकळं व्हायचं, एवढं ठरवून तो निघाला.

परवाचा दसरा गुरुवारी होता, दोन ऑक्टोबरला. म्हणजे हा निघाला शुक्रवारी, तीनला. एकादशी होती. पोचायला दिवस मावळला. यंदा पाऊस किती झाला तुम्ही पाहिलंच, वस्तीच्या अलीकडचा बंधारा काठोकाठ भरलेला. राहीबाई एकट्याच होत्या. नातू रविराज सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीला.

हातपाय धुऊन राधाकृष्ण तलवारीपुढे बसला. आधी नमस्कार. मग धार वर ठेवून पातं हळूच बाहेर. पातं उघडं झालं की ओठांत पातळ कागदाची घडी धरायची, ही त्या विद्येतली शिस्त. बोलताना थुंकीचा कण उडाला तर त्या जागी डाग पडतो. त्यामुळे दरसाल राहीबाई बोलायच्या आणि हा मान डोलवायचा. कागदाने कुंकू टिपलं. रेशमी गोळ्यातली पूड पात्यावर टपटप मारली. तेलाची बाटली उघडली. त्या तेलाला लवंगेचा वास असतो, घरभर पसरतो.

"सर, ती फळी आसती तर लई बरं झालं आसतं बघा," राहीबाई म्हणाल्या.

याचा हात थांबला. तोंडात कागद.

"काल सांजच्याला एक मानूस आला. ठेंगना. गळ्यापोत्तर गुंड्या लावल्याल्या. आंगनाच्या भाईर उभा. म्या म्हनलं, या की. तर वाकला. लई वाकला वो, पार कमरंतनं."

राधाकृष्णाने तेलाचा बोळा पात्यावरून फिरवला.

"सुप्याच्या कंपन्यांत जपानी सायेब हायेत न्हवं, त्यातलाच आसंल. रविराज म्हनतो, ते आसंच वाकत्यात. मला तर हुरूपच आला. मामंजी म्हनायचे, नाव इचारत येतील. आलं की कोनीतरी! पर दाखवू काय? म्या हात असा केला. फळी न्हाई म्हनलं. वाळवीनं खाल्ली." राहीबाईंनी पदराने तोंड पुसलं. "उभा ऱ्हायला बराच येळ. मंग गेला. कंपनीचा मानूस, आन् गाडी न्हाई कुटं. पायीच आला, पायीच गेला."

राधाकृष्णाने पातं म्यानात घातलं. कागद ओठांतून काढला. आता बोलायला काही आडकाठी नव्हती. रुमालातली पाटी पिशवीत, हाताच्या अंतरावर.

"मावशी..."

"काय वो?"

"मी पुण्याला चाललो. मुलीकडे. आता परत येणं होईल असं वाटत नाही."

एवढंच बोलला. राहीबाईंनी भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. पुढच्या साली कोण करणार, म्हणून विचारलं. रविराजला शिकवीन म्हणाला. ताट रिकामं करता करता त्याने मनात ठरवून टाकलं. उद्या त्या कंपनीत जाऊ, तो माणूस शोधू, पाटी परस्पर त्याला देऊन टाकू, राहीबाईंना कळायची गरजच नाही. दमलेला माणूस सोपी वाट काढतो. पावणेदहाला त्याने नमस्कार केला, स्कूटर काढली. राहीबाई दारात उभ्या होत्या. तांब्या भरून त्यांनी पुन्हा ओट्यावर ठेवला होता.

चांदणं होतं, मधूनच ढग. वस्तीपासून हायवेपर्यंत पाच किलोमीटर. रस्त्यात खड्डे, त्यात पाणी. हा बेताने चालला होता. बंधाऱ्याजवळ हेडलाइटच्या उजेडात पुढे एक माणूस दिसला. पाठमोरा. रस्त्याच्या कडेने चाललेला. ठेंगणा. हात दोन्ही बाजूंना सरळ.

राधाकृष्णाला आधी बरंच वाटलं. हाच तो. सुप्यापर्यंत सोडू, बोलू, जमेल तेवढं.

स्कूटर वीसच्या वेगाने. माणूस चालत. पण अंतर... अंतर कमी होईना.

त्याने वेग वाढवला. तीस. माणूस तसाच चालत. घाई नाही. पाऊल वाजत नाही. खड्ड्यातलं पाणीही हललं नाही.

मग तो थांबला.

यानेही ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. दिवा गेला. बेडूक ओरडत होते, ते... ते थांबले.

"सुप्याला जायचंय का?" राधाकृष्णाने विचारलं. आपण मराठीत विचारतोय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

माणूस वळला. वाकला. कमरेतून. बराच वेळ वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा ढग बाजूला झाला होता, पण चेहरा... चेहरा काही दिसला नाही. गळ्यापर्यंतच्या गुंड्या दिसल्या. लवंगेचा वास आला. हात तेलाचे होते, येणारच. पण वास समोरून येत होता.

माणसाने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर. तलवार स्वीकारतात तसे.

इथे नीट ऐका. तलवार घ्यायला हात एकमेकांपासून लांब धरावे लागतात, चांगले खांद्याएवढे. छत्तीस वर्षांत हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्या माणसाचे हात जवळजवळ होते. अगदी जवळ.

मधे वीतभर जागा.

...

राधाकृष्णाने पिशवीत हात घातला. रुमाल सापडला. गाठ सुटेना. माफ करा म्हणायचं होतं. ओठ उघडेनात. कागद तोंडात असल्यासारखे. मिटलेले.

माणूस उभा. हात पुढे.

घाई नाही. कसलीच घाई नाही.

राधाकृष्ण म्हणतो, त्या क्षणी भीती वाटली त्यापेक्षा लाज जास्त वाटली. ही पाटी इथे द्यायची नाही, हे त्याला कळलं. जिथून उचलली तिथेच ठेवायला हवी. ज्या बाईशी खोटं बोलला तिच्यासमोर. त्याने स्कूटर वळवली. ढकलत पन्नास पावलं गेला, मग किक बसली. मागे बघितलं नाही. आरशातही नाही.

दार उघडंच होतं. दहा वाजून पंचवीस मिनिटं. राहीबाई ओट्यावर बसलेल्या.

"आलात?" एवढंच म्हणाल्या.

त्याने रुमाल त्यांच्यापुढे ठेवला. गाठ आता सहज सुटली. मग याने सगळं सांगितलं. वाळवी नव्हती. टाकली नव्हती. पत्र लिहिता आलं असतं, लिहिलं नाही. सगळं.

राहीबाईंनी पाटी उचलून मांडीवर घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राधाकृष्ण म्हणतो.

"बावीस वर्सं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची भाकर खाल्लीत की वो."

याला रडू आलं. सत्तरीला टेकलेला माणूस, ओट्यावर बसून पोरासारखा रडला. वहिनी गेल्या तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"व्हा गप," त्या म्हणाल्या. "बांधा ती तिच्या जागी. आन् नाव वाचून दावा. मला आडानी बाईला काय येतंय वाचाया."

त्याने तलवार बाहेर आणली, मुठीला पाटी बांधली आणि नाव वाचलं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ते मोठ्याने उच्चारलं असेल. राहीबाईंनी मागोमाग म्हणून पाहिलं. जीभ अडखळली. परत म्हटलं. तिसऱ्यांदा बरं जमलं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ओट्याच्या कडेला गेल्या आणि अंगणातल्या अंधारात बघत त्यांनी ते नाव घेऊन हाक मारली.

"आवं पाव्हनं... हाय बरं का. तुमचं नाव हाय. आमी टाकलं न्हाई."

अंगणात कोणी नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

त्या रात्री राधाकृष्ण ओट्यावरच झोपला. तलवार उशाशी, घोंगडीवर. बऱ्याच दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

सकाळी साडेसातला रविराज पाळीवरून आला. आजीने त्याला सगळं सांगितलं. पोरगं हुशार. म्हणालं, पाटीचा फोटो काढतो, कंपनीतल्या साहेबांना दाखवतो, ते गावाचा पत्ता लावतील. मोबाईल काढून वाकला. मग तसाच वाकून राहिला.

"सर," तो म्हणाला, "ह्यावर लिवलेलं कुठंय?"

पुढच्या रविवारी राधाकृष्ण मला घेऊन गेला. मी भिंग नेलं होतं. घासलेलं लाकूड, खरवडलेलं लाकूड, धुतलेलं लाकूड मला कळतं. यातलं काहीच नव्हतं. दोऱ्याचं भोक तेच, कोपऱ्यातली चीर तीच, ऐंशी वर्षांचा मळ लाकडाच्या रेषांत जसाच्या तसा. शाई तेवढी नाही. पुसट नाही, उडालेली नाही. नाहीच. राहीबाई म्हणाल्या, "त्येचं नाव त्यो घिऊन गेला. तलवार मामंजींची म्हनून ठिवली." मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

तुम्ही विचारणार, नाव वहीत उतरवलं असेलच की. उतरवलं होतं. ती वही पुस्तकांच्या खोक्यात आहे, आणि ते खोकं पुण्याला आरतीच्या घरी पलंगाखाली, सुतळी बांधलेलं. अजून कोणी उघडलेलं नाही. मी तर सांगून ठेवलंय, उघडू नका.

त्या रविवारी तो रविराजला तेल लावायला शिकवत होता. मी न राहवून विचारलं, "नाव काय होतं रे त्याचं? तुला पाठ असेल."

राधाकृष्णाने माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी उचलली, ओठांत धरली आणि पातं म्यानातून बाहेर काढायला घेतलं. मुठीला बांधलेली ती पाटी हलत होती. कोरी.